कर्जाचा ‘मरणा’ आणि अकरा बायांची वही

पत्र असं आहे (लांब होतं, थोडं कापलंय):

“मावशी, माझं वय ३८. माहेर एरंडोल तालुक्यातलं, सासर चोपडा तालुक्यात. शिक्षण बारावी. लहानपणापासून माझं अक्षर फार घाण आहे. चौथीत असताना गुरुजींनी माझी वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, ‘बघा, कपाशीत रानडुकरं शिरली.’ शाळा सुटेपर्यंत पोरं मला त्याच नावाने चिडवत होती. अजूनही बँकेत गेले की स्लिप दुसऱ्याकडून भरून घेते, चष्मा घरी राहिला सांगते. मला चष्माच नाही. आता आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. जास्त शिकलेली मीच, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मला सचिव केलं. वही लिहायची म्हणून मी हाताला लचक भरल्याचं सांगितलं आणि मीटिंगला क्रेप बँडेज बांधून जाते. सीआरपी ताई (गावातल्या बचत गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्या) लिहून देतात, पण त्याही आता विचारतात, किती दिवस? त्यात माझा मुलगा तिसरीत, त्याचं अक्षरही तसंच. सासूबाई येता-जाता म्हणतात, ‘मायनं अक्षर पोऱ्याले उनं,’ म्हणजे आईचं अक्षर पोराला आलं. या वयात अक्षर सुधारतं का? नसेल तर सचिवपद सोडून देते. नाव छापू नका.”

बाई गं, आधी ती पट्टी सोड.

आठवडाभर तू भाकरी थापतेस, पाणी भरतेस, कपाशी वेचायला जातेस, तेव्हा तो हात चालतो. आणि मीटिंगच्या दिवशी संध्याकाळी तो नेमका दुखतो. हे बाकीच्या दहा जणींना कळत नसेल असं तुला खरंच वाटतं? त्यांना कळलंय. फक्त कारण कळलेलं नाही, म्हणून त्या आपापल्या परीने कारण शोधत असतील. एखादीला वाटत असेल, हिला पद नकोय. दुसरीला वाटत असेल, हिशेबाची जबाबदारी टाळतेय. पैशाच्या वहीपाशी कुणी हात आखडला की माणसं वाईटच अर्थ काढतात, त्यात त्यांचा दोष नाही. तुझं अक्षर खराब आहे हे त्यांना सांगितलंस तर एक दिवस हसतील. पट्टी मात्र दर आठवड्याला बोलत राहील.

आता तुझ्या अक्षराकडे वळू. पत्र तू हाताने लिहून पाठवलंस हे फार बरं केलंस. मोबाईलवर टाइप केलं असतंस तर मी तुला दोन धीराच्या ओळी लिहून मोकळी झाले असते. रेघी वहीची दोन पानं, पाठपोट. मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. वाईट अक्षर मला ओळखता येतं. तुझं पत्र मी मुद्दाम पेन्सिल घेऊन वाचलं आणि अडखळले तिथे खूण केली. चार पानांत बरोबर चार खुणा झाल्या.

पहिली खूण ‘कर्जाचा भरणा’वर. मी वाचलं, ‘कर्जाचा मरणा’. दुसरी ‘थकबाकी’वर, ती ‘यकबाकी’ दिसत होती. तिसरी ‘घरी’ की ‘धरी’ म्हणून. चौथी ‘खाते’, त्याचं ‘रवाते’ झालं होतं. बाकी सगळं वाचता आलं. देखणं नाही, ओळी उजवीकडे डोंगर चढतात, दोन शब्दांत अंतर नाही, आणि पेन इतकं दाबलंयस की मागच्या पानावर हात फिरवला तर अक्षरं बोटाला लागतात. पण वाचता आलं. रानडुकरं मला कुठे दिसली नाहीत.

त्या चार खुणा नीट बघ, त्यातल्या पहिल्या तिन्हींचं दुखणं एकच आहे. भ आणि म, थ आणि य, ध आणि घ. या जोड्यांत फरक फार थोडा असतो. भ, थ आणि ध यांच्या डोक्यावर डावीकडे रेघ नसते, तिथे आकार वळून सुटा राहतो. म, य आणि घ यांच्यावर रेघ अख्खी. तू काय करतेस, आधी शब्दाची सगळी अक्षरं लिहून घेतेस आणि मग वरून एकाच झटक्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारतेस. त्या रेघेखाली भ चा म होतो, थ चा य होतो. भरायचं ते मरतं. ही सवय तुला बहुतेक शाळेतच लागली असणार. ओळ सरळ दिसावी म्हणून पोरांना रेघ एकदम ओढायला लावतात, मीही लावत होते. मग यावर उपाय काय, तर भ, थ, ध आला की रेघ तोडायची. शब्दभर रेघ ओढताना त्या अक्षरापाशी पेन उचलायचं, एवढंच. आणि ख लिहिताना पहिल्या भागाचा पाय ओढून पुढच्या व ला जोडायचा, म्हणजे त्याचे र आणि व असे दोन तुकडे होणार नाहीत.

चार अक्षरांचं हे काम आहे. सगळी बाराखडी नव्याने शिकायची नाहीये.

तुला कुणी सांगेल, कित्ता आणून गिरव, रोज एक पान शुद्धलेखन कर. करू नकोस. तुझ्या वयाची बाई ‘कमल नमन कर’ गिरवायला बसली तर तिसऱ्या दिवशी वही पोराच्या दप्तरात जाते. त्यापेक्षा तुझ्या गटाची जुनी वही घरी आण आणि मागची दहा इतिवृत्तं वाच. तुझ्या लक्षात येईल की दर वेळी तेच तेच शब्द असतात. उपस्थित, गैरहजर, अध्यक्षस्थानी, बचत जमा, अंतर्गत कर्ज, भरणा, व्याज, थकबाकी, शिल्लक, ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्यात अकरा जणींची नावं आणि बारा महिने. सगळे मिळून पन्नास-साठ शब्द होतील. सचिवाला एवढेच शब्द स्वच्छ लिहिता यायला हवेत. रात्री भांडी झाल्यावर दहा मिनिटं काढ आणि हे शब्द लिही. मुलाची दुरेघी वही घे, त्यातल्या दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसव. आत्ता तू लिहितेस त्याहून मोठं लिही. आपलं अक्षर खराब आहे असं ज्याला वाटतं तो माणूस नेहमी बारीक लिहितो, लपवायला बरं पडतं म्हणून. पण बारीक अक्षरात चूक जास्त होते.

हे काही माझ्या पदरचं नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, आणि तरुणपणी बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, असं समर्थांनी तिथे सांगून ठेवलंय. धुळ्याला शंकरराव देवांनी जमवलेल्या रामदासी हस्तलिखितांचा ठेवा वाग्देवता मंदिरात आहे. कधी धुळ्याला गेलीस तर जरूर बघ. जुन्या नकलनवीसांनी शब्दांना शब्द चिकटवून लिहिलेल्या पोथ्या आहेत, आणि तरी त्या वाचता येतात, कारण अक्षराला अक्षर सुटं ठेवलंय. समर्थांच्या त्या तीन शब्दांतला ‘मोकळं’ हा तुझ्यासाठी आहे. दोन शब्दांत एका बोटाची जागा सोड. ओळी चढायच्या थांबल्या नाहीत तरी चालेल.

बसण्याचंही बघ. मीटिंग कुणाच्या तरी ओसरीवर असते, तू मांडी घालून बसतेस आणि वही मांडीवर असते, बरोबर? मांडीवर माझंही अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतं. जुने मुनीम गादीवरच बसायचे, पण समोर लाकडाचं ढाळतं मेज असायचं. तुला पाट चालेल, खाली वीट घालून एक बाजू उंच कर. आणि पेन दाबू नकोस. इतकं दाबून लिहिणारा हात पान भरायच्या आत दुखायला लागतो. म्हणजे तुझी ती लचक अगदीच खोटी नसावी! पेन बोटांत सैल धर, जाड मुठीचं मिळालं तर उत्तम, आणि शाई आपोआप उतरेल असं घे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून मला काळजी वाटते. तू अक्षराचं रडतेस, पण बचत गटाच्या वहीत अक्षराने कुणाचं नुकसान होत नाही, आकड्याने होतं. पत्रात तू काही आकडे मराठीत लिहिलेस, काही इंग्रजीत, एकाच ओळीत. आपला १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. दीड हजाराचं कर्ज घेतलेल्या बाईच्या नावावर साडेनऊ हजार वाचले गेले तर ‘मरणा’ हा शब्द मग विनोदाचा राहणार नाही. तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारून ठरवा, वहीत आकडे मराठी की इंग्रजी. मला मराठी आवडतात, पण बँकेचं पासबुक इंग्रजी आकड्यांत असतं आणि मोबाईलही. तुमच्यातल्या ज्या कमी शिकलेल्या आहेत त्यांना जे ओळखू येतात ते घ्या. एकदा ठरलं की त्या वहीत दुसरा आकडा नको. रक्कम आकड्यात लिहिली की शेजारी अक्षरी लिही. आणि चुकलं तर आकडा गिरवून दुरुस्त करायचा नाही. तीनचा आठ सगळ्यांना करता येतो, म्हणूनच तसा केलेला आठ कुणी खरा मानत नाही. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मार, खालचं दिसू दे, बाजूला नवा आकडा लिही आणि अध्यक्षांची सही घे.

एक आणखी. कच्चं-पक्कं करायचा मोह होईल. इतिवृत्ताचं कच्चं मीटिंगमध्ये आणि पक्कं घरी, हे ठीक आहे, सुरुवातीला तसंच कर. पण बचत, कर्ज आणि भरणा यांच्या नोंदी मात्र तिथल्या तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कितीही वेडंवाकडं आलं तरी. पैशाची नोंद घरी नेऊन सुंदर करायची नसते.

तुझ्या गुरुजींबद्दल लिहायचं मी टाळत होते, कारण मला आधी माझं सांगावं लागेल. मीही एकदा आठवीतल्या एका मुलाची वही वर्गापुढे धरली होती. काय बोलले ते आठवत नाही, पण वर्ग हसला ते आठवतं. त्या काळी माझ्या तोंडी गांधीजींचं एक मत कायम असायचं. खराब अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण मानावी, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. आपल्या यावलच्या पुढे फैजपूर, तिथे १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, गांधीजी आले होते. त्या आठवणी घरोघरी ऐकून मोठे झालेले आम्ही, त्यामुळे गांधीजींचं नाव घेतलं की वर्ग गप्प बसायचा. मी अर्धंच सांगत होते. त्यांनी ते लिहिलंय स्वतःच्या अक्षराबद्दल. त्यांचं अक्षर खराब होतं. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या वकिलांची वळणदार अक्षरं पाहून त्यांना लाज वाटली, सुधारायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. स्वतःवर ओढलेला तो आसूड मी पोरांवर चालवत होते.

तो मुलगा मला दोन वर्षांपूर्वी पारोळ्याला एका लग्नात भेटला. वाकून नमस्कार केला, बायकोची ओळख करून दिली. आहेराचं पाकीट द्यायची वेळ आली तेव्हा त्याने ते बायकोपुढे धरलं आणि मला हसत म्हणाला, “मॅडम, पाकिटावर नाव हीच लिहिते.” हसत म्हणाला, पण मला जेवण गेलं नाही. तुझ्या गुरुजींचं समर्थन मी करणार नाही. एवढंच सांगते की, मी जी वही उंच धरली ती मी आतून कधी वाचलीच नव्हती. वाचली असती तर तुझ्यासारख्या चार खुणा त्यातही निघाल्या असत्या आणि काम आठवड्याभरात झालं असतं. तुझीही कुणी वाचली नसणार.

म्हणून मुलाची वही तू वाच. सासूबाईंना म्हणावं, पोराला मायचं नाक येतं, रंग येतो, अक्षर हाताला शिकवावं लागतं. (हे त्यांना ऐकवायचं की मनात म्हणायचं ते तुझं तू ठरव, मी चोपड्याला येणार नाहीये.) तिसरीतल्या पोराचं अक्षर वेडंवाकडं असणं यात काही विशेष नाही. त्याची बोटं अजून तयार होतायत. गांधीजींचा दुसरा सल्ला इथे कामाचा आहे, मुलाला आधी चित्र काढू द्यावं, मग अक्षर. पोळ्याला मातीचे बैल त्याच्याकडून करून घे, दिवाळीत रांगोळीचे ठिपके काढू दे, भिंतीवर खडूने हातभर अक्षरं लिहू दे. हात धरून गिरवायला लावू नकोस आणि पान फाडून पुन्हा लिहायला तर मुळीच लावू नकोस.

फक्त एक गोष्ट शांतपणे बघ. तोंडी तो फाडफाड उत्तरं देतो, पण लिहायला बसला की रडकुंडीला येतो का? फळ्यावरचं बघून उतरवताना अक्षरं गाळतो का, उलटी काढतो का, वाचतानाही अडतो का, दोन ओळींत हात झटकायला लागतो का? यातलं बरंच काही असेल आणि वर्षभर तसंच राहिलं असेल तर बाईंशी बोल आणि तपासणी करून घे. लेखनातल्या अशा अडचणीला डिसग्राफिया म्हणतात. तो आळस नव्हे आणि बुद्धी कमी असल्याची खूणही नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मी डॉक्टर नाही, आणि तुझ्या चार ओळींवरून त्याला काही आहे असं मला वाटतही नाही. पण तुला चौथीत कुणी हे विचारलं नव्हतं, त्याला विचार.

राहिला प्रश्न, या वयात सुधारतं का. सुंदर होईल असं मी म्हणणार नाही. अडतिसाव्या वर्षी हाताचं वळण पालटत नाही, आणि मोत्याच्या दाण्यांची तुला गरजही नाही. वाचता येण्याजोगं मात्र होतं. चार अक्षरं, साठ शब्द, दहा आकडे आणि शब्दांमधलं बोटभर अंतर, दिवाळीपर्यंत जमेल. सचिवपद सोडू नकोस. तू सोडलंस तर वही कुणाकडे जाईल, याचा विचार केलास? सीआरपी ताई जन्मभर पुरणार नाहीत.

पुढच्या मीटिंगला पट्टी न बांधता जा. लांबलचक कबुली देत बसू नकोस. म्हणावं, “हात बरा आहे, अक्षर खराब आहे, समजून घ्या,” आणि वही उघड. लिहून झालं की तू वाचून दाखवू नकोस, तुमच्यात जी सातवी-आठवी शिकलेली असेल तिला वाचायला दे. ती जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण कर. पहिल्या दिवशी दहा खुणा होतील. त्या खुणांचे शब्द रात्री दुरेघी वहीत लिही. दर मीटिंगला हेच. खुणा मोजत राहा, कमी होताना दिसतील.

महिन्याभराने मला परत पत्र लिही, हातानेच. आणि पाकिटावरचा पिनकोड तेवढा जपून. या वेळी पोस्टमन दारात उभा राहून मला विचारत होता, “मावशी, हा एक आहे का नऊ?”